सांधा दाबावा की पाहावा?

वाद सुरू झाला तो पायाच्या करंगळीवरून.

पेशंट पन्नाशीच्या बाई, घरगुती डबे देणाऱ्या. दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हा कणीक मळणे दूरच, सकाळी कुकरचे झाकणही फिरवता येत नव्हते. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे लोक ज्याला आमवात म्हणतात तो आजार, असे निदान झाले. आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत पोळपाट-लाटणे पुन्हा हातात आले. आता बाईंची एकच मागणी होती: "बरं वाटतंय तर गोळ्या कमी करा की."

सरांनी एकेक सांधा बोटांनी चाचपला. खांदे, कोपरे, मनगटे, हाताच्या बोटांचे सांधे आणि गुडघे, सगळे मिळून 28. सूज कुठेच नाही. रक्तातला ईएसआर नॉर्मल. या सगळ्याचा हिशेब घालून जो 'डास-28' नावाचा आकडा काढतात तो 2.6च्या खाली आला, म्हणजे कागदोपत्री आजार शांत. सर होकार देणार, इतक्यात शेजारी बसलेल्या मॅडमनी विचारले, "सर, एकदा पाय बघू मशीनवर?"

दोघांची नावे इथे महत्त्वाची नाहीत. अशी जोडी पुणे, नाशिक, नागपूर, कुठल्याही मोठ्या शहरात भेटेल. सर सरकारी मेडिकल कॉलेजातून निवृत्त झालेले. विद्यार्थ्यांना सांधा तपासायला शिकवण्यात त्यांची हयात गेली. मॅडम त्यांच्याच विद्यार्थिनी, आता संधिवाततज्ज्ञ. त्यांच्या खोलीत टेबलाशेजारी चाकांवरचे सोनोग्राफी मशीन उभे असते आणि सर त्याच्याकडे पाहुण्यांनी आणलेल्या कुत्र्याकडे पाहावे तसे पाहतात.

बाईंचा पाय टॉवेलवर आला. त्यावर जेलचा जाड थर. (जेल थंडगार असते; "आई गं" हा उद्गार बहुतेक पेशंटच्या तोंडून निघतोच.) मॅडमनी बोटाएवढा, टोकाशी वाकलेला प्रोब करंगळीच्या बुडाशी, जिथे बोट तळपायाला जोडलेले असते तिथे, टेकवला. टेकवला म्हणजे जवळजवळ जेलवर तरंगत ठेवला. पडद्यावर हाडाचा पृष्ठभाग लख्ख पांढऱ्या रेषेसारखा उमटला. दोन हाडांच्या मधे बारीक काळी फट दिसायला हवी होती. तिथे एक करडा-काळा फुगवटा होता आणि त्याने सांध्यावरचे आवरण वर उचलले होते. मॅडमनी एक बटण दाबले, चौकट उमटली आणि फुगवट्याच्या पोटात नारिंगी ठिपके लुकलुकू लागले, नाडीच्या ठेक्यावर.

"पॉवर डॉप्लर, ग्रेड 2," मॅडम म्हणाल्या.

बाईंना बाहेर बसवून दोघांची जुंपली ती चहा येईपर्यंत आणि आल्यावरही.

"मला एक सांग," सरांनी पेनाला टोपण लावले, "बाईला दुखत नाही, सुजलेलं नाही, रक्त चांगलं आहे. तू पडद्यावर ठिपके दाखवतेस आणि म्हणतेस आजार जागा आहे. आपण औषध माणसाला द्यायचं की ठिपक्यांना?"

"माणसालाच. पण सर, तुमच्या 28 सांध्यांत पाय आहेतच कुठे? तुम्ही बघितला नाहीत म्हणून तो सुजला नाही, असं कसं म्हणायचं?"

टोला बरोबर बसला. गर्दीच्या ओपीडीत तपासणी झटपट व्हावी म्हणून 28 सांध्यांची यादी ठरली आणि तीत घोटे, पावले गळाली. या आजाराला पावलांच्या पुढच्या भागातल्या लहान सांध्यांची मोठी हौस असते, हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. बर्लिनच्या मरीना बॅकहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009मध्ये सोनोग्राफीसाठी सात सांध्यांची छोटी यादी सुचवली. तीत मनगट आणि हाताच्या दोन बोटांच्या सांध्यांबरोबर पायाची दोन बोटेही आहेत, आणि त्या दोनांतले एक करंगळीच.

सर हटले नाहीत. "पाय मीही दाबून बघतो. पावलाचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी मुठीत धरून दाबायचा, पेशंटचा चेहरा बघायचा. त्याला वीज लागत नाही."

"आज दाबलात का?"

"आज नाही दाबला," सर म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

इथे जरा थांबून त्या ठिपक्यांचे शास्त्र पाहायला हवे, नाहीतर वाद नुसता तोंडाचा राहील. निरोगी सांध्याच्या आतले अस्तर इतके पातळ असते की सोनोग्राफीत ते जवळजवळ दिसतच नाही. आमवातात शरीराची संरक्षणव्यवस्था त्या अस्तरावरच उलटते. अस्तर जाडावते, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि हे माजलेले अस्तर शेजारचे हाड कुरतडू लागते. पोटाच्या सोनोग्राफीत साधारण 3 ते 5 मेगाहर्ट्झचा ध्वनी वापरतात, कारण त्याला खोलवर जायचे असते. बोटाच्या सांध्याला खोली नसतेच. तिथे 15 मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा प्रोब चालतो. मऊ ऊतींतून ध्वनी सेकंदाला सुमारे 1540 मीटर धावतो. 15 मेगाहर्ट्झला त्याची लहर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी होते. म्हणून एवढे बारीक दिसते. ग्रे-स्केल चित्रात अस्तर किती जाड झाले ते कळते, आणि पॉवर डॉप्लर त्यात वाहणाऱ्या तांबड्या पेशींची हालचाल टिपतो, म्हणजे ती जाडी जुनी, थंडावलेली आहे की आत अजून निखारे आहेत ते सांगतो. दोन्हींना 0 ते 3 असे ग्रेड देतात. हाडातून मात्र ध्वनी पार जात नाही. हाडाच्या आतली सूज पाहायची तर एमआरआयच लागतो.

हे तंत्र कालपरवाचे नाही. गुडघ्यामागची गाठ आणि पायातल्या शिरेचा दाह यांत फरक करण्यासाठी सोनोग्राफी वापरल्याचा अहवाल 1972चा आहे, आणि सांध्याच्या अस्तरासाठी पॉवर डॉप्लर आला 1994च्या सुमारास. संधिवाताच्या डॉक्टरांनी प्रोब स्वतःच्या हातात घेतला तो त्यानंतर.

"शास्त्र कबूल," सर म्हणाले. "माझा आक्षेप हातावर आहे. प्रोब जरा दाबला की त्या बारीक वाहिन्या चेपतात आणि ठिपके गायब. कंडरेवर जरा तिरका धरला तर चांगली कंडरा काळी दिसते, फाटल्यासारखी. पेशंट सकाळी पेनकिलर घेऊन आला असेल तर सूज दबते. जुन्या मशीनवर ग्रेड 1, नव्या मशीनवर तोच 2. आणि पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात तर धडधाकट माणसालाही थोडं पाणी दिसतं. एवढ्या ठिकाणी पाय घसरणारं साधन, आणि त्याच्या भरवशावर औषध वाढवायचं?"

यातला एकही मुद्दा खोटा नाही. मॅडमनीही खोडून काढायचा प्रयत्न केला नाही. "म्हणूनच तर 2017मध्ये युलार ही युरोपातली संधिवाताची संघटना आणि ओमेरॅक्ट हा संशोधकांचा गट यांनी ग्रेडची व्याख्या एकसारखी करून दिली," त्या म्हणाल्या. "शिवाय सर, बोटंही घसरतात. एकाच बाईचं मनगट तुम्ही आणि मी तपासलं तर सुजलंय की नाही यावर आपलं किती वेळा जुळतं? बाई जाड असेल, बोटं गुबगुबीत असतील, तर कोण छातीठोक सांगणार? तुमचं चुकलं तर कळत नाही एवढंच. माझं चुकलेलं चित्र मशीनमध्ये राहतं."

मग त्यांनी आपला आवडता दाखला काढला. इंग्लंडमधल्या लीड्सचे रिचर्ड वेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी आमवाताच्या 100 पेशंटची बोटे एक्स-रे आणि सोनोग्राफी अशा दोन्हींनी तपासली. 2000 साली ते काम छापून आले. एक्स-रेत 17 जणांमध्ये मिळून हाडाला पडलेले 32 खड्डे दिसले; सोनोग्राफीत 56 जणांमध्ये 127. आजार नवा असलेल्यांत तर फरक साडेसहापट होता. हाडाला पडलेला खड्डा सहसा भरून येत नाही, त्यामुळे तो एक्स-रेत दिसेपर्यंत वाट पाहणे म्हणजे नुकसान होऊ देणे. त्याच लीड्समधून 2008मध्ये आणखी एक अभ्यास आला: डॉक्टर आणि पेशंट दोघांच्या मते आजार शांत झालेला, तरी अनेकांच्या सांध्यांत डॉप्लरचा सिग्नल होता, आणि तसा सिग्नल असलेल्या सांध्यांत वर्षभरात हाडाची हानी होण्याचा ऑड्स रेशो, म्हणजे शक्यतेचे गुणोत्तर, 12च्या वर निघाला.

"झालं तुझं?" सर आता सरसावून बसले. "नॉर्वेची आर्क्टिक ट्रायल घे."

सर मशीनविरोधी असले तरी वाचनविरोधी नाहीत, ही गोष्ट त्यांच्या विद्यार्थ्यांना नेहमी उशिरा कळते. आर्क्टिक 2016मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. नवा आमवात झालेले पेशंट, नॉर्वेतली 11 केंद्रे. निम्म्यांचे औषध नेहमीच्या तपासणीवरून ठरवायचे. निम्म्यांची दर भेटीत सोनोग्राफी करायची आणि ठिपका दिसला तर औषध वाढवायचे. आजार टिकून शांत राहणे, हाडाची हानी न होणे आणि शेवटी सूज नसणे, हे तिन्ही साधले किती जणांना? सोनोग्राफीच्या गटात 22 टक्के, दुसऱ्या गटात 19 टक्के. म्हणजे फरक नाहीच. सोनोग्राफीच्या गटाला महागडी बायोलॉजिक औषधे मात्र जास्त गेली. त्याच वर्षी छापून आलेल्या ग्लासगोच्या टेसर ट्रायलमध्येही, 111 पेशंटवर, मुख्य निकाल तसाच लागला होता.

"दर भेटीला प्रोब, जास्त औषध, आणि हाती काय? तीन टक्के, तेही नशिबानं आलेले असू शकतात," सर म्हणाले. "युलारच्या 2022च्या शिफारशी बघ. ध्येय काय लिहिलंय? क्लिनिकल रेमिशन. ठिपके पुसणं हे ध्येय कुणी लिहिलेलं नाही."

मॅडम काही वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आर्क्टिकमधल्या साध्या तपासणीच्या गटाला सुरुवातीला जवळजवळ दर महिन्याला बोलावलं होतं सर. ठरलेला आकडा गाठला नाही की औषध बदललं जायचं. आपल्याकडचा पेशंट दर महिन्याला येतो? पंढरपूरहून एस.टी.नं येणारी बाई वर्षात दोनदा आली तरी पुष्कळ. त्या दोन भेटींत मला जास्तीत जास्त बघून घ्यायचं असतं."

"अगं, हा तर माझाच मुद्दा झाला! तिला पंढरपुरातच महिन्याला तपासणारा कुणीतरी हवा. ते जमलं की मशीन लागत नाही."

"ते जमेपर्यंत?"

या प्रश्नाचे उत्तर सरांनी दिले नाही.

गंमत अशी की एका बाबतीत दोघांचे पूर्ण एकमत आहे, आणि ती बाब वादात कुणीच आणत नाही. काही पेशंटना सांध्यांत सूज फारशी नसते, पण अंगभर दुखते, झोप लागत नाही, कुठेही दाबले तरी कळ येते. फायब्रोमायल्जियाची ही तऱ्हा आमवाताबरोबरही असते. डास-28मध्ये दुखणाऱ्या सांध्यांची संख्या आणि 'मला कसे वाटते' हा पेशंटचा स्वतःचा गुणही धरलेला असल्याने आकडा फुगतो. मग डॉक्टर औषध वाढवतात, बायोलॉजिकची भाषा सुरू होते, घरचे दागिने गहाण पडायची वेळ येते. अशा वेळी पडद्यावर सगळे सांधे काळे-पांढरे, ठिपका एकही नाही, हे दिसले की पुढचे सगळे टळते. सर स्वतः असे पेशंट मॅडमकडे पाठवतात. चिठ्ठीवर फक्त एवढेच लिहितात: "दाह आहे का?" माझ्या मते सोनोग्राफीची खरी कमाई इथे आहे. ठिपके शोधून औषध वाढवण्यापेक्षा ठिपके नाहीत हे दाखवून औषध थांबवणे कितीतरी मोलाचे, आणि त्याबद्दल परिषदांत बोलले जाते फार कमी.

चिकुनगुन्याच्या बाबतीत मात्र दोघेही हात टेकतात. 2006च्या साथीनंतर महाराष्ट्रात तापामागून आलेल्या सांधेदुखीने ओपीडी भरून गेल्या होत्या, आणि त्यानंतरही साथ आली की तेच होते. सोनोग्राफीत तिथेही सूज दिसते, डॉप्लरही लागतो. ती विषाणूमुळे आहे की आमवातामुळे, हे चित्र सांगत नाही. तिथे लागते अँटी-सीसीपीची रक्ततपासणी आणि थोडा धीर.

बाहेर डबेवाल्या बाई ताटकळल्या होत्या. त्यांच्या प्रश्नाला हात घालताना पारडे अनपेक्षितपणे फिरले. औषध कमी करायचे का, यावर नॉर्वेच्याच गटाची दुसरी ट्रायल आहे, आर्क्टिक रिवाइंड, 2021ची. वर्षभर आजार शांत आणि एकही सांधा सुजलेला नाही अशा पेशंटचे नेहमीचे औषध निम्मे केले, तर वर्षात 25 टक्क्यांचा आजार उसळला. पूर्ण डोस चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण 6 टक्के होते.

"बघ," सर म्हणाले, "गोळ्या कमी करायच्या नाहीत, हे सांगायला करंगळी बघायची गरजच नव्हती."

"आणि बाकीच्या 75 टक्क्यांचं काय? त्यांचं औषध कमी करून काही बिघडलं नाही ना? ते कोण, हे आधी ओळखता आलं पाहिजे. ठिपका असलेल्याचा आजार उसळायची भीती जास्त, असं सांगणारे अभ्यास आहेत."

"ठिपका नसला म्हणजे उसळणार नाही, अशी हमी देतेस?"

"हमी नाही देत."

"मग लिही," सर म्हणाले, "डोस तोच. तीन महिन्यांनी परत." दोघांनी वेगवेगळ्या वाटेने येऊन एकाच चिठ्ठीवर सही केली. बाईंना निकाल पटला नाही, पण पडद्यावरचे लुकलुकणारे ठिपके स्वतः पाहिल्यामुळे त्यांनी हुज्जत घातली नाही. पेशंटला औषधावर टिकवून धरायला चित्र उपयोगी पडते, हे सरांनाही नाकारता येईना.

एवढ्यावर वाद मिटला असता, पण मॅडमनी भिगवणचे नाव काढले. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, उजनीच्या फुगवट्यावरच्या रोहित पक्ष्यांसाठी लोक ज्याला ओळखतात ते भिगवण. संधिवाताच्या डॉक्टरांमध्ये त्याची ओळख वेगळी आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996मध्ये तिथे घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमाचा तो भारतातला गाजलेला टप्पा. आमवाताचे प्रमाण तिथे दर 200 प्रौढांमागे साधारण एक असे निघाले. मॅडमचे स्वप्न साधे आहे: लहान मशीन गाडीत टाकायचे, अशा गावात शिबिर भरवायचे, सुजलेल्या बोटांवर प्रोब ठेवून पहिल्या काही आठवड्यांतच आजार पकडायचा.

ते करता येत नाही, आणि त्यात दोष तंत्राचा नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सगळ्यांच्या आधी, 1988मध्ये केला. केंद्राचा 1994मध्ये आला आणि 2003मध्ये तो कडक झाला. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी मशीन ठरलेल्या जागेसाठी समुचित प्राधिकाऱ्याकडे नोंदवावे लागते, आणि वाटेल तेव्हा उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मॅडमच्या दवाखान्यात एकाही गरोदर बाईची सोनोग्राफी होत नाही, त्यांच्या प्रोबला चार बोटे खोल दिसतही नाही, तरी दारावर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी आहे. संधिवाताच्या दवाखान्यात ती पाटी वाचून पेशंट गोंधळतात.

"बोटाच्या प्रोबला पोटातलं काय दिसणार?" मॅडम वैतागून म्हणाल्या.

"प्रोब बदलायला किती वेळ लागतो?" सरांनी शांतपणे विचारले. "2001च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या, 2011ला 894. बीडमध्ये 807. सहा वर्षांखालची पोरं आहेत ही. कायदा डोळे मिटून केलेला नाही." मग थोड्या वेळाने, "पण फक्त सांध्यांसाठी कुलूपबंद मशीन, ज्याला दुसरा प्रोब लागूच शकत नाही, असं काही निघालं तर त्याची वेगळी नोंद करायला हवी, हे मला मान्य आहे."

ही तडजोड सरकारदरबारी कुणी मांडली तर बरे होईल. डेन्मार्कमध्ये एव्हाना पेशंटचा हात टेबलावर ठेवला की स्वतःच प्रोब फिरवून सांधे तपासणारा 'आर्थर' नावाचा यंत्रमानव तयार झाला आहे आणि चित्रांना ग्रेड द्यायला त्याच्या जोडीला संगणकप्रणाली आहे. मॅडमनी त्याचा व्हिडिओ दाखवला तेव्हा सर पहिल्यांदाच मनापासून हसले. "आता तुलाही निवृत्त करणार तर!"

या दोघांतले बरोबर कोण, असे विचारले तर माझे झुकते माप असे: दर भेटीला, दर पेशंटला, सवयीने प्रोब लावण्याला पुरावा नाही, आणि तिथे सर जिंकतात. पण निदान अडले असेल, दुखणे आणि सूज यांचा मेळ बसत नसेल, किंवा औषध कमी करायचा धोका पत्करायचा असेल, तेव्हा नुसत्या बोटांवर विसंबणारा डॉक्टर हाताशी असलेली माहिती वाया घालवतो.

वाचकांपैकी कुणाच्या हातापायाची बोटे सुजलेली राहत असतील, सकाळी अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ आखडत असतील, कुणी हात मिळवला की कळ येत असेल, तर परस्पर सोनोग्राफी सेंटर गाठू नये आणि 'आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह आहे' एवढ्यावर निर्धास्तही होऊ नये. आमवाताच्या पुष्कळ पेशंटमध्ये तो निगेटिव्हच असतो. संधिवाततज्ज्ञाला दाखवावे. सूज सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत ही भेट व्हावी आणि तीन महिन्यांच्या आत औषध सुरू व्हावे, अशी युलारची शिफारस आहे. प्रोब लावायचा की नाही, ते तिथे गेल्यावर डॉक्टर ठरवतील.